अर्ज करण्याची गरज नाही

"हॅलो? … हॅलो? … कोण, मॉरीन का? … मॉरीन बँबर? … मी ग्लेनिस. … ग्लेनिस स्वॉर्ब्रिक. … हो, तीच. पलीकडची. … फोन ठेवू नकोस! ठेवलास तर पुन्हा लावीन, आणि दिवसभर लावत बसेन. मला आज दुसरं काही काम नाही."

काम होतं खरं तर. स्वयंपाकघरात अर्धे सोललेले बटाटे तसेच पडले होते. साडेदहाला दारातल्या फटीतून टपाल आत पडलं आणि त्यानंतर तिनं सुरी हातात घेतली नव्हती. ग्लेनिस शहात्तर वर्षांची. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवुडच्या गोदीत मासे कापण्यात तिची तीस वर्षं गेली. बोटं वाकडी झाली होती, आवाज मात्र अजून खणखणीत होता. हा नंबर तिनं सव्वीस वर्षांपूर्वी, नवरा घर सोडून गेला त्या आठवड्यात, वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं टिपून ठेवला होता. लावला मात्र कधीच नव्हता. नवरा फार लांब गेलाच नव्हता. नदीच्या मुखाच्या त्या तीरावर, नॉट एंडला, बोटीनं दहा मिनिटांवर मॉरीनचं घर होतं. हवा स्वच्छ असली की ग्लेनिसला किनाऱ्यावरून तिकडच्या खिडक्या मोजता यायच्या.

"मला कळत नाही, तुझा आवाज का चढतोय. माझा चढायला हवा. … ऐक. … आधी ऐक. एकच विचारते, हो की नाही तेवढं सांग. क्लिफ गेला का? … मॉरीन? … गेला का? …"

जिन्याच्या कठड्याला तिनं हात लावला.

"कधी? … चौदा सप्टेंबर. … आज तारीख काय आहे? … तू सांग ना, तुझ्याकडे कॅलेंडर असेल. … नऊ नोव्हेंबर. म्हणजे दोन महिने व्हायला आले. दोन महिने मी काय करत होते सांगू? पडदे धूत होते. बिंगोला जात होते. मागच्या मंगळवारी केस सेट करून घेतले. विधवा होऊन दोन महिने झाले आणि मी केस सेट करून घेतेय! …

"कुणी कशाला सांगेल? तुम्ही नाही सांगितलंत, मग कोण सांगणार? टपालानं सांगितलं. पेन्शनवाल्यांनी सांगितलं. … थांब, वाचूनच दाखवते. चष्मा… हां. 'तुमचे पती श्री. क्लिफर्ड स्वॉर्ब्रिक यांच्या निधनाबद्दल आम्हांला खेद वाटतो. त्यांच्या विम्याच्या नोंदीवरून तुमचं पेन्शन चौदा सप्टेंबरपासून वाढवण्यात येत आहे. यासाठी तुम्ही अर्ज करण्याची गरज नाही.' … ऐकलंस? सरकारला खेद वाटतो. तुला वाटला नाही. …

"हो, तूच नोंद केली असशील. केलीसच ना? तू जाऊन सांगितलंस तो मेला, तिथून ते त्यांच्या यंत्रात गेलं, आणि यंत्रानं मला कळवलं. यंत्राला तेवढी लाज आहे. …

"शिव्या मी अजून सुरूही केल्या नाहीत, बाई. गोदीवरच्या शिव्या तुला झेपायच्या नाहीत. … दफन केलं की दहन? … दहन. झालं. आणि राख? … ती पण सोडली? … समुद्रात. म्हणजे मला शिल्लक काय ठेवलंत? …

"कोण होतं? … तू, तुझा भाऊ, क्लबातले दोघं… आणि? … आणि कोण म्हणालीस? … कुठली जिल? …"

जिल नावाच्या बायका त्या भागात पुष्कळ होत्या. पण मॉरीन कुठल्या जिलबद्दल बोलतेय हे ग्लेनिसला विचारायच्या आधीच कळलं होतं. जिल तिची एकुलती एक मुलगी. प्रेस्टनला राहायची, दर रविवारी आईकडे जेवायला यायची.

"माझी जिल? … माझी जिल आली होती? … राख तिनं… तिच्या हातानं? … परवा रविवारी ती इथे होती, मॉरीन. माझ्यासमोर बसून दोनदा पुडिंग घेतलं तिनं. मला म्हणाली, आई, तुझ्या कस्टर्डला तोड नाही. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. …

"तू तिला गप्प बसवलंस. … मग कुणी? … कोण म्हणालं होतं? … मी? … मी कधी म्हणाले? … केक कापताना? …"

तिला आठवलं. जिलच्या लग्नात, तेवीस वर्षांपूर्वी, क्लिफ न बोलावता येऊन मागच्या खुर्चीवर बसला होता. त्या वेळी ग्लेनिसनं केकची सुरी हातात धरून, नव्या जावयाच्या घरचे बघत असताना, मुलीला बजावलं होतं की ह्या माणसाचं नाव माझ्यासमोर पुन्हा काढायचं नाही, मेला तरी सांगायला येऊ नकोस. जिल तेव्हा रडली होती. आणि मग ती जन्मभर आईचं ऐकत आली होती.

"बरं, म्हणाले असेन. … म्हणाले. पण रागात बोललेलं कुणी वीस-वीस वर्षं पाळतं का? … ती पाळते. हो. माझीच मुलगी. … नाही, तिला मी बघून घेईन, तू मध्ये पडू नकोस. तुझा आणि माझ्या मुलीचा काही संबंध नाही. …

"काय? … काय म्हणालीस? … कुणी लुटलं? … अगं ऐक ना… ऐक… ऐक तरी! मी कुणाच्या दारात हात पसरला नाही. एक कागद भरला नाही. एका कागदावर सही केली नाही. पत्रात काय लिहिलंय ते आत्ता वाचलं ना तुला? अर्ज करण्याची गरज नाही. मी अर्ज केलेलाच नाही! …

"मग त्यांना विचार. नियम मी केला नाही. … तुला नियम कळत नसेल तर मी सांगते, मला पाठ आहे. शेजारच्या हिल्डामुळे पाठ झालाय. हिल्डाचा नवरा दोन हजार सातला पासष्टचा झाला. तेव्हा नवऱ्याच्या नोंदीवरचं बायकोला मिळायला बायकोनं अर्ज करावा लागायचा. तिला कुणी सांगितलं नाही, तिनं केला नाही, अजून भांडतेय बिचारी. क्लिफ पासष्टचा झाला दोन हजार आठच्या एप्रिलात. आणि मार्चात नियम बदलला होता. नवऱ्याचं सुरू झालं की बायकोचं आपोआप वाढतं, अर्ज नको, काही नको. नवरा मेला की पुन्हा आपोआप. तो रात्री कुणाच्या घरी झोपतो ते विचारत नाहीत. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. …

"हो, तेव्हाही असंच पत्र आलं. 'तुमच्या पतींचं पेन्शन सुरू झालं आहे.' मला त्या दिवशी कळलं, अजून जिवंत आहे. जिलच्या लग्नापासून त्या माणसाची खबर मला दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा पेन्शनच्या पाकिटातून. …

"नाही, नाही, नाही. त्याच्यातलं काढून मला देत नाहीत. त्याचं एक पेनीही कमी झालं नाही. तुझ्या ताटातलं मी काही उचललं नाही. … आणि का घेऊ नये? मी तीस वर्षं बर्फात हात घालून मासे कापले. माझं स्वतःचं पूर्ण पेन्शन का नाही, ठाऊक आहे? लग्न झालं त्या आठवड्यात गोदीच्या पगाराच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं, विम्याची वर्गणी पूर्ण कापू की लग्न झालेल्या बायकांची छोटी? क्लिफ माझ्या शेजारी उभा. मी तोंड उघडायच्या आधी म्हणाला, छोटीच काप, हिच्या म्हातारपणाला मी आहे ना! … हसू नकोस. … रडतेयस? मग रड, पण मी काय सांगतेय ते ऐकून रड. …"

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. ग्लेनिसला दया आली नाही. तिला वाटलं, रडायचा मान आधी माझा होता आणि तोही हिनं दोन महिने आधीच उरकून घेतला.

"कुठे गेली होतीस? … पेन्शनच्या हापिसात? … कशाला? … अगं पण तुला त्याचं पेन्शन कसं मिळेल, तुझं लग्न कुठे झालं होतं त्याच्याशी? … मग काय म्हणाली ती काउंटरवरची मुलगी? … 'पत्नीची नोंद आधीच आहे.' … म्हणाली? तुझ्या तोंडावर? …"

ग्लेनिस हसली. खोटं कशाला बोला, मनापासून हसली. सव्वीस वर्षं ती ह्या एका वाक्याची वाट बघत होती आणि ते कुणा काउंटरवरच्या मुलीनं म्हणून टाकलं.

"हो, हसले. … हसणारच. … काय झालेला? … घटस्फोट? … कुणाचा? … आमचा घटस्फोट? … सत्त्याण्णव साली? तुला कुणी सांगितलं? … क्लिफनं. … आणि तू मानलंस. … कागद बघितलास का त्याचा? … पाकीट बघितलंस. वकिलाचं पाकीट. लांब, खाकी, कोपऱ्यात निळा शिक्का? … पाकिटाच्या आत काय होतं ते बघितलंस का? …

"मग मी सांगते आत काय होतं. … नको कशाला? इतकी वर्षं मला नवऱ्याला धरून ठेवणारी चेटकीण म्हणत आलीस ना तिकडे? लग्नाआधी जिल सांगायची मला. आता ऐक.

"ऑक्टोबर होता. सकाळच्या पहिल्या बोटीनं आला. अंगावर तो जाड निळा कोट. मी दार उघडलं. दोन वर्षं झाली होती त्याला जाऊन. मला वाटलं, आला परत. … हो, वाटलं! तुला काय सांगायचं ते सांगते, खोटं सांगायला फोन नाही लावला. मी काही बोलले नाही. चहा टाकला. अंडी तळली, दोन, वरचं पिवळं मऊ ठेवून, त्याला आवडायची तशी. त्यानं खाल्ली. मग कोटाच्या आतून ते पाकीट काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, ग्लेन, एवढा एक फॉर्म भरून दे ना. तुला जमतं हे सगळं. … मी उघडलं. घटस्फोटाचा अर्ज! चार पानं. माझ्याच घटस्फोटाचा अर्ज, माझ्याच टेबलावर, माझ्या हातून भरून हवा होता त्याला. …

"चेष्टा नाही. … कारण त्याचा प्रत्येक कागद मीच भरायचे. बोट बदलली तेव्हाचा, घराचा, जिलच्या शाळेचा, मासेमारी बुडाली तेव्हा भरपाईचा. … मी म्हटलं, मॉरीनला सांग, मॉरीन भरेल, तिला घाई आहे. तर चुन्यासारखा पांढरा पडला. म्हणाला, तिला ठाऊक नाही. …

"काय ठाऊक नाही म्हणजे? … मॉरीन. … तुला खरंच ठाऊक नव्हतं? … सव्वीस वर्षं? …"

हे शस्त्र आपल्या हातात आहे हे ग्लेनिसला माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं, एव्हाना मॉरीनला कळलं असेल. मग सांगून टाकलं. थोडं सूड म्हणूनच.

"त्याला वाचता येत नव्हतं. … नाही, चष्म्याचा प्रश्न नव्हता. … चष्मा वर राहिला, चष्मा कोटात राहिला, हो, मला माहिताय. चष्मा सापडला तरी वाचता आलं नसतं. पंधराव्या वर्षी बोटीवर गेला तेव्हाही येत नव्हतं आणि नंतर शिकला नाही. … पेपर वाचायचा नाही, पेपर हातात धरायचा. … घोड्यांचं पान, हो. आकडे यायचे. आकड्यांत हुशार होता. … टेलिफोनची बिलं तू मोठ्यानं वाचायचीस आणि तो 'हं' म्हणायचा. बरोबर? … हॉटेलात काय मागवायचा? … सांग ना. … 'मलाही तेच.' माझ्याबरोबरही तेच. एकदा ब्लॅकपूलला मी मुद्दाम गुर्दे भरलेली पेस्ट्री मागवली, त्याला वासही सहन व्हायचा नाही. 'मलाही तेच' म्हणाला आणि सगळी खाल्ली. …

"पेन्शन? पेन्शन त्यानं फोनवरून घेतलं असणार. फोनवर तोंडानं सांगता येतं, पलीकडचा माणूस भरून घेतो. घटस्फोट फोनवरून मिळत नाही. … नाही, मी काही भरून दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नाही म्हटलं. म्हटलं, जा, ज्या घरी झोपतोस तिथे भरून घे. त्यानं पाकीट उचललं, कोटात घातलं, दुपारच्या बोटीनं गेला. तिकडे येऊन तुला म्हणाला असेल, झालं. …

"रडू नकोस. … अगं, काय करणार होता तो? फॉर्म तुझ्याकडून भरून घ्यायचा म्हणजे वाचता येत नाही हे तुला सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा घटस्फोट झाला म्हणणं सोपं. … नाही, तो तुला फसवत नव्हता… फसवत होता, पण त्यासाठी नाही. लाजेपोटी. … मी त्याची बाजू घेत नाहीये! मी कशाला घेऊ त्याची बाजू? …"

पलीकडे टीव्ही चालू होता, तो मॉरीननं बंद केला. ग्लेनिसनं जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून घेतलं. फोन ठेवला असता तर चाललं असतं. तिला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

"आहेस का? … बोल. … हो, म्हणजे त्याला लिहिता येत असतं तर तू बायको असतीस आणि हे पत्र तुला आलं असतं. मीही मघाशी तेच मोजत बसले होते. … नाही, मी वाटून देणार नाही. आधीच सांगते. … तू मागितलं नाहीस, माहिताय, तरी सांगून ठेवते. …

"काय? … मी का नाही शिकवलं? …

"हा काय प्रश्न झाला? … वेळ कुठे होता? तो तीन-तीन आठवडे समुद्रावर, मी गोदीवर, घरात पोर. … नंतर होता वेळ. … होता. … काय म्हणालीस? … पुन्हा म्हण. … म्हण, घाबरू नकोस, मला काही वाटत नाही. …"

मॉरीननं पुन्हा म्हटलं असावं. कारण ग्लेनिसनं डोळे मिटून घेतले आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"हो. तसंच होतं. … मला बरं वाटायचं. शुक्रवारी बोटीवरून उतरला की खिशातले सगळे कागद काढून टेबलावर ठेवायचा, पोरासारखा, आणि मी वाचून दाखवायचे. गोदीवर एवढी माणसं, एवढे दांडगे पुरुष, आणि हा माझ्याशिवाय एक पत्र वाचू शकत नाही. जिल शाळेत अक्षरं शिकत होती तेव्हा तो तिच्याजवळ बसायचा, मान वाकडी करून बघायचा. तेव्हा मला म्हणता आलं असतं, ये, तूही गिरव. नाही म्हटलं मी. … आणि गेला ना, तेव्हा मी काय म्हटलं मनात ठाऊक आहे? म्हटलं, महिन्याभरात येईल परत. पहिलं टपाल आलं की येईल. …

"नाही. तू सांभाळून घेतलंस, नकळत. … तुझं कौतुक करायला मी फोन लावला नाही. …

"झालं काय त्याला? … छाती. … फुप्फुसं. बापाचंही तेच झालं होतं. … हॉस्पिटलात की घरी? … घरी. … जवळ कोण होतं? … तू. … बरं. … फार त्रास झाला का? … अं. … शेवटी त्यानं काही… नाही. नको. विचारलं नाही मी. सांगू नकोस. सांगू नकोस म्हणते ना! …"

कॉरिडॉरमधल्या घड्याळात बारा वाजत आले होते. तिनं बटाट्यांचा हात ॲप्रनला पुसला. हात केव्हाच कोरडा झाला होता.

"काय आहे शनिवारी? … कसलं बाकडं? … त्याच्या आठवणीचं, किनाऱ्यावर. … म्हणजे नदीकडे तोंड करून? … म्हणजे इकडे. … हं. कौन्सिलनं परवानगी दिली? … अर्ज कुणी केला? तू. … जिल येणार आहे? मला आज संध्याकाळी तिला फोन करायचाच आहे, तिला तू आधी लावू नकोस. माझ्याकडून ऐकू दे. …

"मी कशाला येऊ? मला बोलावणारी तू कोण? … बोलवत नाहीस, नुसतं सांगतेयस. … मग ठीक आहे. भरती किती वाजता आहे? … दहाची बोट चालेल. … धक्क्यावर घ्यायला येऊ नकोस. मला रस्ता दिसतो. सव्वीस वर्षं बघतेय. … नाही, घरी येणार नाही. चहाही नको. सँडविच नको, मॉरीन! तुझ्या घरचं मी काही खाणार नाही. … तू तुझ्या टोकाला बस, मी माझ्या. बाकडं लांब असेल ना? …

"पाटी आहे का त्याला? … पितळेची. … काय लिहिलंयस? … वाच. … 'प्रेमळ पती' … कुणाचा? … नाही, तू सांग ना, कुणाचा पती? … मीही नको म्हणतेय. माझाही नको. जो माझ्या टेबलावर बसून दोन अंडी खाऊन घटस्फोटाचा अर्ज भरून मागतो तो माझा प्रेमळ पती नाही. … 'सोबती'? तुला शोभेल तसं बघ, पण मी त्या पाटीच्या शेजारी बसणार आहे आणि लोक वाचणार आहेत. … ओरडू नकोस. … पाटी तुझ्या पैशाची आहे, मान्य. तो तुझ्या घरी मेला, मान्य. … सगळं मान्य! ठेव तुझं 'प्रेमळ'. मी येत नाही. …

"… काय? … मग काय लिहायचं? …

"नुसतं नाव. … नाव आणि दोन सालं. तेवढं त्याला वाचता यायचं. … हो ना? … मग झालं. …

"आणि ऐक. ऐक, ऐक, ठेवू नकोस एवढ्यात. कोरणाऱ्याला सांग, स्वॉर्ब्रिकच्या शेवटी सी आणि के दोन्ही येतात. … तुला माहिताय, पण त्याला सांग. क्लिफ सही करताना सी गाळायचा. जन्मभर गाळला, मी मागून भरायचे. … पाटीवर तरी पुरतं येऊ दे. … ठेवते."